श्वासाची वाट

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का आणि श्वास यांना वाहिलेला एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात श्वासाचे महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक व क्षुद्र असे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी तमकश्वासाचे वर्णन वाचताना आजच्या डॉक्टरलाही क्षणभर थबकावे लागते. रुग्णाच्या कंठात घुरघुर होते; आडवा झाला की त्याचा जीव कासावीस होतो आणि उठून बसला की थोडे बरे वाटते; कफ सुटत नाही तोवर त्याच्या यातनांना पार नसतो, आणि तो सुटला की घटकाभर विसावा मिळतो; उष्ण पदार्थांची त्याला इच्छा होते, आणि आभाळ भरून आले, गारठा पडला किंवा पूर्वेचे वारे सुटले की दुखणे बळावते. हे सारे ग्रंथकर्त्याने रुग्णाच्या उशाशी बसून पाहिले असले पाहिजे. निरीक्षण इतके सूक्ष्म असूनही एका प्रश्नाचे उत्तर मात्र त्या काळी मिळण्याजोगे नव्हते. कफाचा एक पातळ थर आणि नळीच्या अस्तरावरील थोडीशी सूज, एवढ्या किरकोळ कारणाने धडधाकट माणूस असा हतबल का व्हावा? कारण आणि परिणाम यांत एवढी तफावत कशी? या कोड्याचा उलगडा झाला तो नळ्यांतून वाहणाऱ्या पाण्याच्या अभ्यासातून, आणि त्यासाठी एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

पॅरिसचा झाँ प्वाझय हा शिक्षणाने वैद्य होता. प्राण्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्त कसे सरकते हे पाहता पाहता, अतिशय बारीक नळीतून द्रव वाहण्याला काही निश्चित नियम आहे काय, या प्रश्नाने त्याच्या मनाचा ताबा घेतला. आणि केसाएवढ्या छिद्राच्या काचेच्या नळ्या घेऊन, त्यांतून दाबाखाली पाणी सोडून, किती दाबाला किती वेळात किती पाणी बाहेर पडते याच्या नोंदी त्याने विलक्षण चिकाटीने ठेवल्या. १८४०च्या सुमारास त्याने आपले निष्कर्ष जगापुढे मांडले. जवळजवळ त्याच वेळी गॉटहिल्फ हागेन या जर्मन अभियंत्यालाही स्वतंत्रपणे तोच नियम सापडला होता. नियमाचा आशय असा की, नळी लांब झाली किंवा आतून वाहणारा पदार्थ अधिक दाट असला, तर प्रवाहाला होणारा रोध त्याच प्रमाणात वाढतो. परंतु नळीची त्रिज्या घटली, तर तो रोध त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. त्रिज्या निम्मी झाली की रोध दुपटीवर किंवा चौपटीवर थांबत नाही. तो १६ पट होतो. एवढी मोठी घट कशाला, त्रिज्या दहा टक्क्यांनी कमी झाली तरी रोध दीडपट होतो आणि वीस टक्क्यांनी कमी झाली तर जवळजवळ अडीचपट. पपईच्या पोकळ देठातून मूल सहज फुंकर घालते. त्याच मुलाच्या हाती गव्हाचे काड दिले की गाल फुगतात, कानशिले तापतात आणि पलीकडे वारा जेमतेम पोचतो.

या गणिताचा सर्वांत कठोर अंमल चालतो तो तान्ह्या बाळांवर. बाळाचा श्वासमार्ग सुमारे ४ मिलिमीटर व्यासाचा धरला आणि सर्दी-खोकल्यात त्याच्या अस्तरावर चोहोबाजूंनी १ मिलिमीटर सूज चढली, तर मोकळी वाट २ मिलिमीटरच उरते आणि रोध १६ पट होतो. तेवढीच सूज ८ मिलिमीटर व्यासाच्या प्रौढ मार्गावर चढली, तर रोध तिपटीच्या किंचित वर जातो. वडिलांना ज्या सर्दीने केवळ घसा धरल्यासारखे वाटते, त्याच सर्दीने मांडीवरच्या लेकराचे पोट उडू लागते, नाकपुड्या फुलतात आणि बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते, ती या कारणाने. अशी चिन्हे दिसत असता 'सर्दीच तर आहे' म्हणून सकाळपर्यंत वाट पाहणे धोक्याचे असते, आणि ही गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी नेहमी ध्यानात ठेवावी असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

प्वाझयचा नियम शांतपणे, थरांथरांनी वाहणाऱ्या प्रवाहाला लागू पडतो, आणि छातीतील सर्वच प्रवाह काही असा शिस्तीचा नसतो. मोठ्या नलिकांत हवा वेगाने जाते, फाटे फुटतात तेथे ती भिंतींवर आदळते, तिच्यात भोवरे उठतात, आणि अशा खळबळत्या प्रवाहाला नियमित प्रवाहापेक्षा अधिक जोर लागतो. नियमित आणि खळबळता प्रवाह यांतील भेद ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स याने १८८३ मध्ये मँचेस्टर येथे रंगीत पाण्याच्या प्रयोगाने दाखवून दिला, आणि या दोन्ही प्रकारांचा हिशेब एकत्र मांडून मनुष्याच्या श्वासमार्गाचा रोध किती असावा याचे गणित फ्रिट्झ रोरर या स्विस शास्त्रज्ञाने १९१५ मध्ये केले. ते गणित मुख्यतः कागदावरचे होते. जिवंत माणसाच्या छातीतील रोध थेट मोजण्याची सोय त्यानंतर चाळीस वर्षांनी, आर्थर ड्युबॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाला बंद काचपेटीत बसवून पेटीतील दाबाचे सूक्ष्म फेरफार टिपण्याची पद्धत १९५६ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा झाली.

आता ही वाट प्रत्यक्ष कशी आहे ते पाहू. नाकातून श्वास घेत असता एकंदर रोधाचा जवळजवळ अर्धा भाग एकट्या नाकाच्या वाट्याला येतो. त्याच्या मोबदल्यात नाक हवा गाळते, कोमट करते आणि ओलसर करते. पुढे मुख्य श्वासनलिका लागते. तिचा व्यास सुमारे १८ मिलिमीटर. तिचे दोन फाटे होतात, प्रत्येकाचे पुन्हा दोन, आणि असे दुभंगत दुभंगत सुमारे २३ पिढ्या झाल्यावर ही वाट वायुकोशांत संपते. एवाल्ड वाइबल या स्विस शरीररचनातज्ज्ञाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या पिढ्यांची मोजदाद आहे. पहिल्या १६ पिढ्या केवळ हवा वाहून नेतात. सोळाव्या पिढीच्या नलिकांचा व्यास अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो आणि वाइबलच्या आराखड्याप्रमाणे त्यांची संख्या ६५ हजारांच्या घरात जाते. त्यापुढे प्राणवायू रक्तात जाण्याचा आणि कर्बवायू बाहेर पडण्याचा व्यवहार जेथे चालतो, त्या वायुकोशांची संख्या तीस ते पन्नास कोटी भरते.

प्वाझयच्या नियमाने पाहता सर्वांत अधिक रोध या केसासारख्या नलिकांत असावा असे कोणालाही वाटेल, आणि पुष्कळ काळ तज्ज्ञांनाही तसेच वाटत होते. परंतु एका नळीचा रोध आणि एकमेकींच्या शेजारी चालणाऱ्या हजारो नळ्यांचा एकत्रित रोध या सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. मुख्य नलिकेच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे अडीच चौरस सेंटिमीटर असते. सोळाव्या पिढीतील सर्व नलिकांचे छेद एकत्र केले तर ते १८० चौरस सेंटिमीटरच्या घरात जाते. वाटा अरुंद झाल्या खऱ्या, परंतु त्यांची संख्या इतकी वाढली की हवेला घाई करण्याचे कारणच उरले नाही. बॉस्टन येथे जेरे मीड आणि पीटर मॅक्लेम यांनी कुत्र्यांच्या फुप्फुसांत सूक्ष्म नळ्या बसवून प्रत्यक्ष मोजणी केली, आणि १९६७ मध्ये त्यांनी दाखवून दिले की २ मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या सर्व नलिकांचा मिळून वाटा एकंदर रोधाच्या एकदशांशाच्या आसपासच आहे. रोधाचा मुख्य भार मधल्या, जाड भिंतीच्या नलिकांवर पडतो.

निरोगी माणसाला लाभलेल्या या सोयीतच रोगाला लपायला जागा मिळाली आहे, आणि या लेखात मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते हेच. एकंदर रोध १०० धरला, तर सूक्ष्म नलिकांच्या वाट्याला १० येतो. समजा, धुराने किंवा धुळीने या नलिकांपैकी निम्म्या बुजून गेल्या. उरलेल्यांवर दुप्पट भार पडेल, त्यांचा रोध १० चा २० होईल, आणि एकंदर रोध होईल ११०. हा फरक माणसाला जाणवत नाही. जिने चढताना नाही, बाजाराची पिशवी घेऊन येताना नाही, आणि स्टेथॉस्कोप लावणाऱ्या डॉक्टरांच्या कानालाही बहुधा नाही. मीड यांनी या भागाला फुप्फुसाचा मूक प्रदेश म्हटले आहे. निम्मा मुलूख हातचा गेला तरी राजधानीत त्याची खबर नाही, अशी ही अवस्था असते. १९६८ मध्ये माँट्रियल येथे जेम्स हॉग, मॅक्लेम आणि विल्यम थर्लबेक यांनी दीर्घ श्वासविकाराने मृत झालेल्या माणसांची फुप्फुसे तपासली, तेव्हा या सूक्ष्म नलिकांचा रोध चार पटींपासून चाळीस पटींपर्यंत वाढलेला आढळला. त्यानंतर पन्नास वर्षांनी, अतिसूक्ष्म क्ष-किरण चित्रणाच्या साहाय्याने झालेल्या एका संशोधनात, ज्यांचा रोग 'सौम्य' या वर्गात मोडत होता, अशा रुग्णांच्याही शेवटच्या नलिकांपैकी सुमारे ४० टक्के नाहीशा झालेल्या दिसल्या. माणूस तक्रार घेऊन दवाखान्याची पायरी चढतो तेव्हा मुद्दलाचा मोठा भाग खर्ची पडून गेलेला असतो.

रोध वाढला की प्रथम बिघडतो तो उच्छ्वास. आत श्वास घेताना छाती फुगते, फुप्फुसाचे लवचिक तंतू नलिकांना चहूकडून ताणून धरतात आणि वाट रुंद होते; सोडताना तो ताण सैलावतो आणि वाट आखडते. निरोगी छातीत हे आखडणे नगण्य असते. जेथे वाट आधीच अरुंद आहे किंवा ताणून धरणारे तंतूच झिजून गेले आहेत, तेथे हवा आत जाते परंतु वेळेवर बाहेर पडत नाही. ती बाहेर पडते न पडते तोच पुढचा श्वास घ्यावा लागतो, मागची शिल्लक छातीत साठत जाते, छाती फुगलेली राहते आणि स्नायूंना भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतण्याचे काम करावे लागते. रुग्ण म्हणतो, 'श्वास आत जात नाही'. वस्तुतः तो पुरेसा बाहेर आलेला नसतो. अशा वेळी जोर लावून हवा बाहेर ढकलू गेले, तर छातीतील दाब नलिकांनाच बाहेरून दाबतो आणि वाट अधिक मिटते. यास्तव ओठांचा चंबू करून सावकाश, लांब उच्छ्वास सोडण्याची जी रीत श्वसनोपचारात शिकवतात, तिला भक्कम आधार आहे: ओठांपाशी निर्माण झालेला किंचित दाब आतल्या नलिकांना उघडे ठेवतो. कित्येक जुने रुग्ण कोणी न शिकवताच तसा श्वास सोडू लागतात.

रोध वाढण्याची कारणे अनेक असली तरी दोन व्याधी मुख्य. दम्यात नलिकांभोवतीचे अनैच्छिक स्नायू आवळतात, अस्तर सुजते आणि चिकट कफ साचतो. परंतु हा अडथळा बऱ्याच अंशी माघारी फिरणारा असतो, योग्य औषधाने वाट पुन्हा मोकळी होते. निरोगी माणसाचेही श्वासमार्ग पहाटे चारच्या सुमारास सर्वांत अरुंद असतात, आणि दम्याच्या रुग्णाला नेमकी त्याच वेळी जाग येते. दुसरी व्याधी सी.ओ.पी.डी. या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. तीत वर्षानुवर्षांच्या धुराने किंवा धुळीने नलिका चिवट होऊन आखडतात, वायुकोशांच्या भिंती विरतात, आणि झालेले नुकसान पूर्णपणे भरून येत नाही. २०१६ सालच्या अंदाजाप्रमाणे भारतात या दुसऱ्या व्याधीचे सुमारे साडेपाच कोटी आणि दम्याचे सुमारे पावणेचार कोटी रुग्ण होते. क्षयरोग बरा झाल्यावरही श्वासमार्गात कायमची अरुंदी मागे राहू शकते, आणि आपल्या देशात या कारणाकडे पाहावे तेवढे लक्ष अद्याप दिले जात नाही.

विडी आणि सिगारेट यांचा दोष आता सर्वश्रुत आहे. त्यावर येथे अधिक लिहीत नाही. ज्याविषयी लिहिलेच पाहिजे तो धूर स्वयंपाकघरातला आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात असे मांडले की, जगातील सी.ओ.पी.डी.च्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधीही धूम्रपान केलेले नसते. हे कोण, याचा शोध आपल्याला लांब जाऊन घ्यावा लागत नाही. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या आणि ओली लाकडे पेटवून, फुंकणीने निखारा फुलवीत, वारा न खेळणाऱ्या खोलीत रोज दोन्ही वेळचा स्वयंपाक करणारी आणि लहानपणी आईच्या कडेवर बसून तोच धूर घेतलेली बाई पन्नाशीला पोचते तेव्हा तिला दम लागू लागतो, आणि सारे घर म्हणते, 'वयच झालं आता.' तिने कधी विडी ओढली नाही म्हणून डॉक्टरांच्याही मनात हा रोग लवकर येत नाही. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी पुष्कळ घरांत पोचवली, ही गोष्ट निःसंशय मोलाची आहे. परंतु सिलिंडर परवडत नाही किंवा वेळेवर मिळत नाही म्हणून पाणी तापवायला आणि भाकरीला चूल तशीच चालू राहिली, तर धुराचा अंमल संपत नाही. चूल ठेवणे भागच असेल तर ती उघड्या पडवीत किंवा धुराड्याखाली असावी, जळण सुके असावे, आणि रांगते मूल त्या खोलीत नसावे.

शहरी घरांनीही या बाबतीत निर्धास्त राहू नये. डास पळवणारी एक कॉइल रात्रभर जळून जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असे मोजमाप २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे; आणि आपण ती लावतो कुठे, तर दारेखिडक्या लावून घेतलेल्या खोलीत, झोपलेल्या मुलांच्या पायथ्याशी. मच्छरदाणी हा जुना, स्वस्त आणि निर्धूर उपाय घरोघर परत यावा असे मला मनापासून वाटते. बाहेरच्या हवेचा प्रश्न मोठा आहे व तो एकट्यादुकट्याने सुटणारा नाही. २.५ मायक्रोमीटरपेक्षा सूक्ष्म कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर असू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. आपल्या देशातील २००९ पासूनची मर्यादा ४० ची आहे, आणि आपली कितीतरी शहरे तीही पाळू शकत नाहीत.

धुळीची हकीकत याहून जुनी. १७०० मध्ये बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या व्याधींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात अंबाडी-जवसाचे तंतू पिंजणाऱ्यांचा खोकला आणि धाप यांची नोंद आहे. कापसाच्या धुळीने होणारा तसाच विकार विसाव्या शतकात लँकशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी तपशीलवार अभ्यासला. त्याचे लक्षण मोठे चमत्कारिक होते: साप्ताहिक सुटीनंतर कामावर हजर झालेल्या कामगाराची छाती त्या पहिल्याच दिवशी आवळून येई, आणि पुढच्या दिवसांत तक्रार कमी होई. वर्षे लोटली की मग आठवड्याचे सारेच दिवस सारखे होत. कापूस फोडण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यांत ही धूळ सर्वाधिक असते. गिरणगावातील पिढ्यांनी ती घेतली आणि विदर्भातील जिनिंग कारखान्यांत ती आजही उडते. दगडखाणी आणि खडी फोडण्याचे कारखाने यांतील धूळ तर याहून घातक. तोंडाला रुमाल बांधला म्हणजे बंदोबस्त झाला असे मुकादमाने समजू नये; सूक्ष्म कण रुमालाच्या विणीतून सहज पार होतात. पाण्याचा फवारा, धूळ ओढून घेणारे यंत्र आणि चांगल्या प्रतीचा मास्क ही मालकाची जबाबदारी आहे.

मूक प्रदेशातील हानी जाणवत नसेल तर ती ओळखावी कशी? त्यासाठी श्वास मोजावा लागतो. लंडनचे जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये, खलाशी, पोलीस, पहिलवान आणि भिक्षागृहातील कंगाल अशा दोन हजारांहून अधिक लोकांना आपल्या यंत्रात फुंकायला लावून त्यांच्या श्वासाचे आकारमान नोंदले आणि ते उंचीनुसार वाढते व आजारात घटते हे सिद्ध केले. पण किती हवा बाहेर आली एवढ्यावरून वाट अरुंद आहे की नाही हे कळत नाही. किती वेळात आली, हे पाहावे लागते. पॅरिसचे रॉबेर तिफनो यांनी १९४७ मध्ये हा वेळेचा हिशेब त्यात आणला. आजची स्पायरोमेट्री त्याच पायावर उभी आहे: पूर्ण श्वास घेऊन शक्य तेवढ्या जोराने सोडायचा, आणि एकंदर सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर आली ते पाहायचे. श्वासमार्ग सैल करणारे औषध देऊनही हे प्रमाण ७० टक्क्यांखाली राहिले, तर मार्गात कायमचा अडथळा आहे असे मानले जाते. सूक्ष्म नलिकांतील अगदी आरंभीची हानी या चाचणीलाही कधी कधी चुकवून जाते, तथापि लक्षणांची वाट पाहण्यापेक्षा ती कितीतरी आधी इशारा देते. दम्याच्या रुग्णासाठी याहून सोपे साधन म्हणजे मार्टिन राइट यांनी १९५९ मध्ये पुढे आणलेले, उच्छ्वासाचा सर्वाधिक वेग दाखवणारे पीक फ्लो मीटर. त्याची सुटसुटीत आवृत्ती आज खिशात मावते, आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत टिपून ठेवला तर दमा बळावण्यापूर्वीच त्याची चाहूल लागते.

आधी कळून उपयोग काय, असे विचारणाऱ्याला चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास दाखवावा. लंडनमधील काम करणाऱ्या पुरुषांची श्वासशक्ती आठ वर्षे मोजून त्यांनी दाखवले की पहिल्या सेकंदातील उच्छ्वास निरोगी माणसातही वयाबरोबर थोडाथोडा घटतो. ज्यांना धूम्रपान बाधते त्यांच्यात तो कितीतरी वेगाने घटतो. आणि धूम्रपान सोडले की गेलेले परत येत नाही, पण पुढील घट जवळजवळ धूम्रपान न करणाऱ्याच्या गतीवर येते. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी सोडणारा आणि पासष्टाव्या वर्षी सोडणारा या दोघांच्या म्हातारपणात जमीनअस्मानाचे अंतर पडते.

उपचारांविषयी एक गैरसमज आपल्याकडे घर करून बसला आहे, तो असा की इन्हेलर म्हणजे शेवटचे, जालीम औषध आणि एकदा तोंडाला लागले की सुटत नाही. खरी गोष्ट याच्या उलट आहे. सालब्युटामॉलची गोळी सामान्यतः ४ मिलिग्रॅमची असते, आणि इन्हेलरच्या एका फवाऱ्यात असते १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीचा चाळिसावा भाग. गोळी सर्व शरीरभर फिरून छातीत धडधड आणि हातांना कंप आणते, फवारा नेमक्या जागी पोचतो. तथापि हा फवारा केवळ आवळलेले स्नायू सैल करतो, सूज उतरवत नाही. सूज उतरवणारे स्टेरॉइडचे इन्हेलर निराळे असते, ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत नियमित घ्यावे लागते, आणि त्याचा गुण यायला दिवस-आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून ते परस्पर बंद करणारे रुग्णच पुढे मध्यरात्री दवाखाना गाठतात. फवाऱ्याचे इन्हेलर नीट हलवून, श्वास पूर्ण सोडून, मग सावकाश खोल श्वास घेत दाबावे आणि दहा सेकंद श्वास रोखून धरावा. पुडीचे असेल तर श्वास जोराने ओढावा. मुलांना आणि वृद्धांना मध्ये स्पेसर लावून द्यावा. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरावी.

व्यायामाने वायुकोश वाढत नाहीत, परंतु पायांचे आणि श्वासाचे स्नायू तरबेज झाल्याने तेच काम कमी हवेत होते. म्हणून धाप लागते या सबबीवर चालणे सोडू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने ते टप्प्याटप्प्याने वाढवावे. योगक्रियांना प्रयोगशाळेत नेणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, त्या परंपरेत वाढलेल्या आपल्या समाजाला प्राणायामाविषयी आदर असणे स्वाभाविक आहे. संथ, लांब उच्छ्वासाचा प्राणायाम रुग्णाला खरोखर आराम देतो. परंतु ज्याची हवा आधीच छातीत अडकून राहते त्याने भस्त्रिका किंवा कपालभातीसारख्या वेगवान क्रिया जाणकाराला विचारल्याखेरीज करू नयेत, आणि कोणत्याही प्राणायामासाठी औषध थांबवू नये. वयस्कांनी आणि जुन्या रुग्णांनी इन्फ्लुएन्झा व न्यूमोकोकस यांच्या लसींविषयी डॉक्टरांशी बोलावे, कारण प्रत्येक मोठा छातीचा संसर्ग मागे थोडी अधिक अरुंदी ठेवून जातो.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. ज्यांची चाळिशी उलटली आहे आणि ज्यांचे आयुष्य तंबाखूच्या, चुलीच्या किंवा कारखान्याच्या धुराधुळीत गेले आहे, ज्यांना पूर्वी क्षय होऊन गेला आहे, किंवा ज्यांचा खोकला तीन महिने हटत नाही, त्यांनी दम लागण्याची वाट न पाहता एकदा स्पायरोमेट्री करून घ्यावी, अहवाल रक्तदाबाच्या कागदांबरोबर जपून ठेवावा आणि डॉक्टर सांगतील त्या मुदतीने पुन्हा मोजणी करावी. घरात चुलीपुढे बसणारी आई, आजी किंवा मावशी असेल तर तिला आधी न्यावे, कारण ती स्वतःहून जाणार नाही. तालुक्याच्या रुग्णालयात हे यंत्र नसेल, तर जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीविकार विभागात चौकशी करावी.